मारल्यानंतर तुकडे कशासाठी?

१. एक प्रश्न आणि दोन तयार उत्तरे

सोलापूरहून हैदराबादकडे निघाले की नळदुर्गच्या पुढे जळकोट लागते. धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यातले, हमरस्त्यावरचे गाव. अशा गावातल्या हॉटेलात वर्तमानपत्र एकच येते आणि त्याची पाने वाटून दहाजण वाचतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये वसईच्या एका तरुणीचा दिल्लीत खून होऊन तिच्या देहाची तुकडे करून विल्हेवाट लावल्याची बातमी आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या अशा कितीतरी बाकड्यांवर एकच प्रश्न निघाला असेल : "मारलं ते मारलं, पण मेल्यावर तुकडे कशाला?"

या प्रश्नाला लोकांकडे दोन उत्तरे तयार असतात. पहिले, "येडा असणार, शहाण्या माणसाचं हे काम न्हाई." दुसरे, "काहीतरी करणीबिरणीचं असणार." दोन्ही उत्तरांत एक सोय आहे. खुनी आपल्यातला नव्हता, तो कुठून तरी बाहेरून आलेला राक्षस होता, असे मानले की शेजारच्या घराकडे, स्वतःच्या नात्याकडे पाहावे लागत नाही.

न्यायवैद्यकाच्या अभ्यासकांनी गेली काही दशके हाच प्रश्न लावून धरला आहे. त्यांच्या हाती आलेले उत्तर लोकांच्या दोन्ही उत्तरांपेक्षा साधे आहे आणि म्हणूनच जास्त अस्वस्थ करते. ते समजून घ्यायचे तर आधी एका प्रश्नाचे दोन प्रश्न करावे लागतात.

२. खून का केला आणि देह का कापला

एक चोर शिडी लावून माडीवर चढला, दागिने घेऊन उतरला आणि जाताना शिडी जाळून गेला. शिडी का जाळली, तर तिच्यावरून माग लागू नये म्हणून. चोरी का केली, तर दागिन्यांसाठी. जळलेल्या शिडीकडे पाहून "याला आग लावण्याचे वेड असणार" असे म्हणणारा शिपाई चोराला कधीच पकडणार नाही.

छिन्न केलेल्या देहाचेही तसेच आहे. खुनाचा हेतू वेगळा असू शकतो आणि कापण्याचा वेगळा. हे ज्या खटल्याने जगाला दाखवून दिले, त्याचा आरोपी मुंबईचा होता.

बक ऱक्स्टन हा १८९९ मध्ये मुंबईत एका पारशी कुटुंबात जन्मला, मुंबई विद्यापीठातून डॉक्टर झाला आणि पुढे इंग्लंडमध्ये लँकेस्टर गावी दवाखाना थाटून राहिला. नावही त्याने तिकडचे घेतले. २९ सप्टेंबर १९३५ रोजी स्कॉटलंडमध्ये मॉफट गावाजवळच्या एका ओढ्यात कागद-कापडात गुंडाळलेले मानवी देहाचे भाग सापडले. देह एक नव्हे, दोन होते आणि भागांची सरमिसळ झालेली होती. चेहऱ्याच्या खुणा, दात, बोटांची टोके अशा ओळख पटवणाऱ्या गोष्टी निवडून नष्ट केलेल्या होत्या.

न्यायवैद्यकाचे प्राध्यापक जॉन ग्लेस्टर आणि शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक जेम्स ब्रॅश यांनी ते भाग जुळवून दोन स्त्रिया वेगळ्या केल्या. हे करताना त्यांच्या ध्यानात आले की जे काढून टाकले आहे तेच सर्वांत जास्त बोलते आहे. एका स्त्रीचे डोळे काढलेले होते, आणि ऱक्स्टनच्या घरातून नाहीशा झालेल्या मोलकरणीचा एक डोळा तिरळा होता. दुसऱ्या देहाच्या घोट्यांवरचे मांस काढलेले होते, आणि ऱक्स्टनच्या पत्नीचे घोटे जाड होते. गुन्हेगाराने पुसलेल्या खुणांची यादी केली की ती यादीच मृत व्यक्तीचे वर्णन ठरत होती. ब्रॅश यांनी पत्नीच्या छायाचित्रावर कवटीचे छायाचित्र चढवून पाहिले. अळ्यांच्या वाढीवरून मृत्यूचा काळ काढला गेला. गुंडाळलेल्या कागदांत १५ सप्टेंबरच्या 'संडे ग्राफिक'ची पाने होती, आणि ती खास आवृत्ती फक्त लँकेस्टर-मोरकँब परिसरातच वाटली गेली होती. १२ मे १९३६ रोजी मँचेस्टरच्या तुरुंगात ऱक्स्टनला फाशी झाली.

आता दोन्ही प्रश्न पुन्हा विचारावेत. पत्नीचा खून संशयातून आणि मत्सरातून झाला, मोलकरीण साक्षीदार ठरली म्हणून गेली. देह कापण्यामागे मात्र मत्सर नव्हता. ओळख पटू नये आणि ते घराबाहेर नेता यावेत, एवढाच हिशेब होता.

३. मुळात कोणी कापले का?

हेतूकडे जाण्याआधी न्यायवैद्यक एक पायरी थांबते. ही पायरी लोक हमखास ओलांडतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पावसाळा सरल्यावर जळकोटच्या शिवारात ऊसतोडीवाल्यांना पाचटाखाली एक पाय सापडला. पोलीस पाटलाने ठाण्याला कळवले. संध्याकाळपर्यंत गावभर झाले, "खून करून तुकडे टाकले." पण शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरपुढे प्रश्नांची वेगळीच रांग असते. हाड माणसाचे आहे की जनावराचे? माणसाचे असेल तर एकाचे की अनेकांचे? आणि ते कापले गेले की सुटून आले?

देह उघड्यावर राहिला की कुत्री, कोल्हे आणि रानडुकरे तो फाडतात आणि लांब नेतात. तेव्हा हाडाच्या टोकांवर दातांचे खड्डे उमटतात. पाण्यात बरेच दिवस राहिलेल्या देहाचे सांधे सैल होऊन हात, पाय, शिर आपोआप वेगळे होते. रेल्वेखाली आलेल्या देहाच्या जखमा निराळ्या असतात. आगीत स्नायू आखडतात, हाडे तडकतात आणि अवयवांची टोके गळून पडतात. अननुभवी नजरेला हे सगळे "कापलेले" दिसते.

धारदार हत्याराचा घाव मात्र हाडावर आपली सही सोडतो. कोयता-कुऱ्हाडीचा घाव एका बाजूने गुळगुळीत असतो. करवतीच्या दात्यांच्या बारीक समांतर रेषा हाडाच्या कापलेल्या तोंडावर राहतात, आणि त्यांवरून दात्यांतले अंतर, ओढण्याची दिशा, करवत हाताची की विजेची, हे सांगता येते. अमेरिकेतले अस्थितज्ज्ञ स्टीव्हन साइम्स यांनी याच रेषांच्या अभ्यासाला आयुष्य दिले.

यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : घाव जिवंतपणी झाला की मृत्यूनंतर? रक्ताभिसरण चालू असताना घाव बसला तर रक्त आजूबाजूच्या मांसात झिरपते आणि ते धुऊन जात नाही. मृत्यूनंतरच्या घावाच्या कडा फिकट, कोरड्या राहतात. मृत्यूच्या आगेमागे काही मिनिटांतल्या घावाबद्दल ठामपणे बोलणे अवघड असते, आणि प्रामाणिक डॉक्टर अहवालात तसेच लिहितो. या एका निष्कर्षावर हेतूचे सगळे चित्र फिरते. जिवंतपणीचे घाव छळाकडे किंवा संतापाकडे बोट दाखवतात. मृत्यूनंतर सांध्यांपाशी केलेले मोजके काप विल्हेवाटीकडे.

आपल्या उदाहरणातल्या पायावर फक्त कुत्र्याचे दात निघाले तर हे प्रकरण अकस्मात मृत्यूच्या नोंदीपाशी थांबू शकते. गुडघ्याच्या सांध्यात मृत्यूनंतरचा धारदार काप निघाला तर स्थानिक गुन्हे शाखेचे काम सुरू होते, आणि तिने पहिल्यांदा उघडायची वही म्हणजे बेपत्ता व्यक्तींची नोंद. वसईच्या प्रकरणातही तपासाचा धागा वडिलांनी वसईत दिलेल्या बेपत्ता असल्याच्या तक्रारीतूनच निघाला. दिल्लीच्या जंगलात सापडलेली हाडे तिचीच, हे वडिलांच्या डीएनएशी जुळवून ठरले.

४. चार कप्पे

हाम्बुर्गचे न्यायवैद्यक क्लाउस प्युशेल आणि त्यांचे सहकारी कूप्स यांनी १९८७ मध्ये अशा प्रकरणांची हेतूनुसार चार गटांत मांडणी केली. पुढच्या बहुतेक अभ्यासांनी हीच चौकट वापरली.

पहिला गट बचावात्मक. बचाव इथे मृताचा नाही, गुन्हेगाराचा. देह लपवणे, हलवणे, ओळख पुसणे. ऱक्स्टन या गटातला.

दुसरा आक्रमक. मारतानाचा संताप मृत्यूपाशी थांबत नाही आणि घाव पुढेही पडत राहतात. चेहरा हे बहुधा लक्ष्य असते. यात लपवाछपवी नसते, कित्येकदा गुन्हेगार तिथेच सापडतो.

तिसऱ्या गटात लैंगिक विकृती असते. इथे कापणे हीच गुन्हेगाराची ओढ असते आणि खून त्या ओढीपायी घडतो. चौथ्या गटात मृतदेहाविषयीची विकृत आसक्ती असते. त्यात खून केलेलाच असतो असेही नाही, आधीच मेलेल्या व्यक्तीच्या देहाशी हा प्रकार घडतो.

यातला प्रत्येक गट किती मोठा? स्वीडनमध्ये योव्हान रायस आणि सहकाऱ्यांनी १९६१ ते १९९० या तीस वर्षांतली देशभरातली प्रकरणे गोळा केली आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. तीस वर्षांत निघाली फक्त २२. त्यांतली १० बचावात्मक, ४ आक्रमक, ७ लैंगिक विकृतीची आणि १ मृतदेहाच्या आसक्तीची. सिनेमा आणि वेबमालिका यांनी आपल्या डोक्यात तिसऱ्या गटाचे चित्र पक्के केले आहे. प्रत्यक्षात सर्वांत मोठा गट पहिला निघाला. पोलंडमधल्या क्राकोव्हच्या न्यायवैद्यक विभागाने १९६८ पासूनची आपल्याकडची प्रकरणे तपासली, तिथे तर बचावात्मक गटाचे वर्चस्व याहून ठळक होते.

बचावात्मक गटाचे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो तो त्याच्या साधेपणामुळे. खून बहुतेक वेळा आधी ठरवलेला नसतो. तो घरात होतो, बऱ्याचदा गुन्हेगाराच्याच घरात. मेलेली व्यक्ती ओळखीची असते : जोडीदार, नातेवाईक, सोबत दारू पिणारा मित्र. भांडण पेटते, जीव जातो, आणि मग त्या खोलीत एक देह आणि एक घाबरलेला माणूस उरतो. देह जड आहे, जिन्यात शेजारी भेटतात, सकाळ होते आहे. बंद फ्लॅट आणि दाट वस्ती यांचा या गुन्ह्यांशी संबंध असतो तो इथे. स्वीडनमध्येही ही प्रकरणे महानगरांत जास्त दिसली. गावात ज्याला विहीर, नाला किंवा माळ जवळ असतो, त्याच्यापुढे ही अडचण तशी उभी राहत नाही.

स्वीडनच्या अभ्यासात कसाई, डॉक्टर, पशुवैद्यकीय मदतनीस, शिकारी अशी देहरचनेशी परिचय असलेली माणसे लक्षात येण्याजोगी होती. मात्र यावरून गावातल्या खाटकाकडे संशयाने पाहणे हा निव्वळ अन्याय होईल. ज्याने कापले त्याला माहिती होती, एवढेच यातून निघते. ज्याला माहिती आहे तो कापतो, असे त्यातून निघत नाही.

आता "येडा असणार" या उत्तराकडे. फिनलंडमध्ये हेलिना हॅकानेन-न्यूहोल्म आणि सहकाऱ्यांनी १९९५ ते २००४ या काळात हत्येसाठी दोषी ठरलेल्या ६७६ गुन्हेगारांचे अहवाल तपासले. त्यांत देह छिन्न केल्याची प्रकरणे होती १३, म्हणजे शंभरात साधारण दोन. या गुन्हेगारांत स्किझोफ्रेनिया, मनोरुग्णालयात दाखल होण्याचा इतिहास, लहानपणीच्या शाळेतल्या आणि मानसिक अडचणी, स्वतःला इजा करण्याची वृत्ती ही इतर खुन्यांपेक्षा जास्त आढळली. म्हणजे लोकांचे उत्तर अगदीच निराधार नाही. पण ज्याला आपण "थंड डोक्याचा, भावनाशून्य" म्हणतो त्या मनोविकृतीचा आणि देह कापण्याचा ठळक संबंध या अभ्यासात सापडला नाही, व्यसनाचाही नाही. शिवाय तेराच प्रकरणे! एवढ्याशा संख्येवरून सर्व मानसिक रुग्णांबद्दल काही बोलणे चूक आहे. स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसे आयुष्यात कोणाला बोटही लावत नाहीत.

५. मानवत : चारही कप्प्यांबाहेर

"करणीबिरणीचं असणार" या उत्तराला मराठवाडा सहजासहजी हसून टाकू शकत नाही. कारण मानवत.

परभणी जिल्ह्यातले हे कापसाच्या बाजाराचे गाव. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात तिथे दहा जणींचे जीव गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या निकालाच्या सुरुवातीलाच ही मोजणी आहे : दहा वर्षांच्या आसपासच्या पाच मुली, वर्षाचे एक बाळ आणि पस्तिशीच्या आतबाहेरच्या चार स्त्रिया. दुष्काळाचे दिवस होते. माणसे कामाच्या शोधात घरे सोडत होती आणि मानवतमध्ये आया मुलींना दाराबाहेर सोडायला धजत नव्हत्या. स्थानिक तपास अडला तेव्हा मुंबईहून गुन्हे अन्वेषण विभागाचे अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांना पाठवले गेले. त्यांनी मांडलेला हेतू असा होता : गुप्तधन सापडावे आणि मूल व्हावे म्हणून पिंपळाखालच्या मुंजाला रक्ताचा नैवेद्य. काही देहांवरचे घाव रक्त मिळवण्यासाठीच केलेले होते.

प्युशेल यांच्या चार कप्प्यांत हे कुठे ठेवायचे? इथे लपवण्यासाठी कापले नाही, संतापाने नाही, वासनेनेही नाही. मागच्या उदाहरणाच्या भाषेत सांगायचे तर चोर शिडीच चोरायला आला होता. देहातून काही मिळवणे हाच खुनाचा उद्देश होता. उत्तर युरोपात बसून केलेल्या मांडणीत हा कप्पा नाही, कारण तिथे अशी प्रकरणे त्यांच्यासमोर आली नाहीत. दक्षिण आफ्रिकेत मात्र 'मुती' नावाने हा प्रकार वेगळा ओळखला जातो. देहाच्या भागांपासून "गुणकारी" औषध करण्यासाठी केलेले खून, असा त्याचा अर्थ. तिथल्या न्यायवैद्यकांनी आणि पोलीस मानसशास्त्रज्ञांनी त्यावर स्वतंत्र अभ्यास केला. भारतातल्या नरबळीच्या प्रकरणांची तशी शिस्तीत मांडणी व्हायला हवी, कारण परदेशी कप्पे जसेच्या तसे उचलून आपली प्रकरणे समजत नाहीत.

मानवतचा दुसरा धडा पुराव्याचा आहे. सत्र न्यायालयात फाशीच्या शिक्षा झाल्या. पण ज्यांच्यासाठी हे सगळे घडल्याचा आरोप होता, ते मुख्य सूत्रधार वरच्या न्यायालयात सुटले. खटला बराचसा माफीच्या साक्षीदारांवर उभा होता, आणि अशा साक्षीला स्वतंत्र दुजोरा लागतो. हेतू कितीही पटण्यासारखा वाटला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही.

महाराष्ट्रात नरबळीविरोधी स्वतंत्र कायदा व्हायला मात्र पुढे चाळीस वर्षे गेली. त्यासाठी झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विधिमंडळाने कायदा केला.

आणि तरीही पाचटाखाली पाय सापडला की पहिला संशय करणीवर घ्यायचा नाही. मानवतसारखी प्रकरणे विरळ आहेत, घरातल्या भांडणातून झालेली अधिक. उलट, अफवेची किंमत सोलापूर-धाराशिव भागाने अगदी जवळून पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी मंगळवेढा भागातल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा, एवढेच कारण. गुन्हा बाहेरच्या माणसानेच केला असणार, हा समज आधीपासून मनात तयार असतो, आणि भटक्या माणसाचा बळी त्यात सर्वांत आधी जातो.

६. न्यायालय काय वाचते?

कायद्यात हेतू सिद्ध करणे हे खून सिद्ध करण्यासाठी अनिवार्य नाही. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार असेल तर हेतूवाचूनही शिक्षा होते. पण देह लपवलेल्या प्रकरणात असा साक्षीदार बहुधा नसतो. सगळी भिस्त परिस्थितीजन्य पुराव्यावर असते आणि तिथे हेतू हा साखळीतला एक दुवा होतो. १९८४ मध्ये महाराष्ट्रातल्याच शरद बिरदीचंद सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या साखळीच्या पाच कसोट्या घालून दिल्या. आरोपीच्या दोषाखेरीज दुसरी कोणतीही शक्यता उरू नये, हे त्यांचे सार.

देह नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंडविधानाचे कलम २०१ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २३८ आहे. मूळ गुन्हा फाशीच्या शिक्षेस पात्र असेल तर त्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २००८ मध्ये मुंबईत मालाडला एका तरुणाचा खून होऊन देह कापून मनोरच्या जंगलात जाळला गेला, ते प्रकरण इथे आठवावे. २०११ मध्ये न्यायालयाने मुख्य आरोपीला पूर्वनियोजित खुनासाठी दोषी धरले नाही. अचानक उफाळलेल्या रागातला सदोष मनुष्यवध म्हणून दहा वर्षे आणि पुरावा नष्ट केल्याबद्दल वेगळी शिक्षा. सोबतच्या स्त्रीला केवळ पुरावा नष्ट केल्याबद्दल तीन वर्षे. निकालावर राज्यभर संताप उसळला. "एवढे तुकडे करणाऱ्याला दहाच वर्षे?" असे लोक विचारत होते. न्यायालयाने दोन प्रश्न दोनच ठेवले होते, आणि अभ्यासकांच्या निष्कर्षांशी ते जुळते.

पण आपल्याच कायद्यात याच्या उलट जाणारा एक धागा आहे. १९८३ च्या मच्छी सिंग निकालात फाशीस योग्य अशा दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणांची उदाहरणे देताना सर्वोच्च न्यायालयाने राक्षसी पद्धतीने देहाचे तुकडे करण्याचाही उल्लेख केला. जिवंतपणी छळ करून कापणाऱ्यासाठी तो समजण्यासारखा आहे. घाबरून प्रेत हलवणाऱ्याच्या बाबतीत मात्र शिक्षेचे माप मृत्यूनंतरच्या कृत्यावरून ठरू लागते, आणि हा धोका खरा आहे. मृत्यूपूर्वीचा घाव आणि मृत्यूनंतरचा घाव यांतला डॉक्टरांनी नोंदवलेला फरक अशा वेळी एखाद्याच्या फाशीपर्यंत जाऊन पोचतो.

वैद्यकीय पुरावा फाशीपर्यंत कसा पोचतो, हे दिल्लीच्या १९९५ च्या तंदूर प्रकरणात दिसले. पतीने पत्नीला गोळी घातली आणि देह हॉटेलच्या तंदुरात जाळण्याचा प्रयत्न केला. तिचे तुकडे केले होते, असे देशभर सर्वांनी गृहीतच धरले. शिक्षेचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय पुरावा पुन्हा पाहिला, आणि देह कापल्याचे त्यातून सिद्ध होत नाही अशी नोंद केली. ताणलेल्या व्यक्तिगत संबंधांतून घडलेला खून, हेही निकालात आले. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली.